घराच्या राखणीचा रिमोट : घ्यावा कसा, जोडावा कसा



आपल्यापैकी बरेच जण गावठाणात न राहता रानातल्या वस्तीवर राहतात. रात्रपाळीची लाईट असली की घरचा कर्ता माणूस दारे धरायला उसात, आणि घरी म्हातारी माणसं, सुना, लेकरं. शेजार म्हणावा तर तो दोन-चार शेतांपलीकडे. अशा घरांतून अलीकडे चोरघंटा, म्हणजे अलार्म, बसवलेली दिसू लागली आहे. दारावर चुंबकाची पट्टी, खोलीत माणसाच्या अंगाची ऊब ओळखणारा डोळा, आत एक पेटी, बाहेर भोंगा, आणि हे सगळे चालू-बंद करायला मुठीत मावणारा बिनतारी रिमोट.

पेटी, भोंगा, डोळा यांविषयी दुकानदार भरपूर बोलतो. रिमोट मात्र "हे दाबलं की चालू, हे दाबलं की बंद" एवढ्यावर हातात ठेवतो. वास्तविक या सगळ्या साहित्यात चोराच्या खऱ्या कामाची वस्तू कोणती असेल तर ती हीच. लोखंडी दाराला कितीही जाड कुलूप लावा, त्याची किल्ली दुसऱ्याकडे असली तर कुलपाचा उपयोग काय? तेव्हा या लेखात बाकीचे थोडक्यात ठेवून रिमोटचीच माहिती तपशिलाने देण्याचे योजिले आहे.

चार बटणे

बाजारात मिळणाऱ्या बहुतेक रिमोटवर चार बटणे असतात. बंद कुलपाचे चित्र म्हणजे पूर्ण पहारा. घरात कोणी नाही, दारे-खिडक्या आणि आतला डोळा सगळे जागे. उघड्या कुलपाचे चित्र म्हणजे पहारा बंद. तिसऱ्यावर घराचे नाहीतर विजेच्या बाणाचे चित्र असते, तो घरातला पहारा. यात दारे-खिडक्या जाग्या, आतला डोळा झोपलेला. चौथ्यावर घंटा किंवा एसओएस ही अक्षरे. ते दाबले की पहारा चालू असो वा नसो, भोंगा वाजतो. काही कंपन्यांची चित्रे निराळी असतात, तेव्हा सोबतचे माहितीपत्रक पाहावे.

यातले तिसरे बटण वस्तीवर सगळ्यांत उपयोगाचे आणि नेमके तेच पुष्कळांना माहीत नसते. रात्री म्हातारबा पाणी प्यायला उठले, डोळ्याने पाहिले, भोंगा वाजला, लेकरं रडत उठली. असे दोनदा झाले की तिसऱ्या रात्रीपासून यंत्र बंद. मग ते भिंतीवर नुसते लटकते. खर्चही गेला आणि राखणही गेली. रात्री घरातला पहारा लावला तर आत कोणी कितीही फिरले तरी चालते. फक्त बाहेरचे दार उघडण्याआधी पहारा बंद करायचा.

आता दारे धरायला जाणाऱ्याने काय करावे? त्याने बाहेर पडून, दार ओढून घेऊन, अंगणातून घरातला पहारा लावावा. बहुतेक पेट्या पहारा लागताना एकदा आणि निघताना दोनदा टिक असा आवाज करतात, तो ऐकूनच पुढे जावे. पहाटे परतताना दाराला हात लावण्याआधी उघडे कुलूप दाबावे आणि दोन टिक ऐकाव्यात. दार उघडून मग खिशात बटण चाचपत बसणाऱ्याच्या घरी रोज पहाटे भोंगा होतो.

घरात राहणाऱ्यांसाठी दुसरा रिमोट हवाच. तो आतल्या खोलीत खिळ्याला असावा. दाराच्या चौकटीला टांगू नये, खिडकीतून हात घालून पोहोचेल अशा जागी तर मुळीच नाही.

रिमोट पेटीशी काय बोलतो

टीव्हीचा रिमोट डोळ्यांना न दिसणाऱ्या उजेडाने बोलतो. म्हणून तो टीव्हीकडे रोखावा लागतो आणि भिंतीपलीकडून चालत नाही. चोरघंटेचा रिमोट रेडिओच्या लहरींनी बोलतो. आपल्याकडची पुष्कळ यंत्रे ४३३.९२ मेगाहर्ट्झ या लहरीवर चालतात. कमी ताकदीच्या अशा यंत्रांना या पट्ट्यात वापरणाऱ्याने परवाना काढावा लागत नाही. अमेरिकेत मात्र ३१५ आणि ३४५ मेगाहर्ट्झची यंत्रे सर्रास असतात. तिकडे नोकरीला असलेल्या मुलाने हौसेने आणलेला रिमोट दिसायला हुबेहूब असला तरी इथल्या पेटीला तो मुका ठरतो.

बटण दाबले की रिमोट एक आकडा हवेत फेकतो. पेटीने तो ओळखला तर ती ऐकते, नाही ओळखला तर गप्प बसते. सगळी गोम आहे ती या आकड्यात.

जुन्या आणि स्वस्त जातीत आकडा ठरीव असतो. पीटी २२६२ या चिपच्या रिमोटमध्ये बहुधा आठ जागा असतात आणि प्रत्येक जागा तीनपैकी एका रीतीने जोडता येते. गुणाकार केला तर ६,५६१ आकडे होतात. पुष्कळदा तर या जागा बनवणाऱ्याकडून आल्या तशाच मोकळ्या राहतात, म्हणजे दोन घरांचे आकडे एकच असण्याचा संभव. नंतरच्या ईव्ही १५२७ या चिपमध्ये आकडा आधीच भरलेला असतो आणि असे आकडे दहा लाखांहून थोडे अधिक आहेत. ऐकायला बरे वाटते. पण आकडे दहा लाख असोत की दहा कोटी, दर वेळी तोच आकडा उघड्यावर बोलला जात असेल तर तो ऐकणाऱ्याला पुरेसा आहे. फाटकाच्या रिमोटची नक्कल करणारे रिमोट बाजारात राजरोस मिळतात. मूळ रिमोट शेजारी धरून एकदा बटण दाबले की झाले. जरा चांगले यंत्र असेल तर शेजारी धरण्याचीही गरज नाही. तुम्ही अंगणातून बटण दाबले तेव्हा बांधाआड यंत्र घेऊन कोणी उभा असला, तर आकडा त्याच्याकडे गेला.

दुसरी जात बदलत्या आकड्याची. तिला रोलिंग कोड किंवा हॉपिंग कोड म्हणतात. वजनकाट्यावरचा व्यवहार आठवा, म्हणजे ही गोष्ट चटकन ध्यानात येईल. गाडीला एकदाच एक बिल्ला दिला आणि हंगामभर तोच पाहून आत सोडले, तर तसा बिल्ला कोणीही करून घेईल. पावतीचे तसे नसते. तिचा नंबर प्रत्येक खेपेला पुढे सरकतो. कालची पावती आज पुन्हा आणली तर काट्यावरचा कारकून ती परत करतो. बदलत्या आकड्याचा रिमोट असाच प्रत्येक दाबेला नंबर एकाने पुढे नेतो, शिवाय तो गुप्त किल्लीने घोळून पाठवतो, म्हणजे आजचा ऐकून उद्याचा कोणता हे सांगता येत नाही. पेटी तो उलगडते आणि मागच्यापेक्षा पुढचा असेल तरच मान देते.

की-लॉक नावाची या प्रकारची पद्धत १९८०च्या दशकात दक्षिण आफ्रिकेत तयार झाली आणि १९९५ मध्ये मायक्रोचिप या अमेरिकन कंपनीने ती विकत घेतली. पुढे मोटारींच्या आणि गॅरेजच्या दारांच्या रिमोटमधून ती दूरवर पसरली. ती अभेद्य आहे असे मात्र कोणी समजू नये. २००८ मध्ये जर्मनीतल्या बोखुम येथील विद्यापीठातल्या संशोधकांनी तिची गुप्त किल्ली काढून दाखवली. २०१५ मध्ये अमेरिकेतल्या सॅमी कामकार यांनी रिमोटचा आकडा पेटीपर्यंत पोहोचू न देता वाटेत अडवून साठवणारे छोटे यंत्र जाहीरपणे दाखवले. पण हे जाणत्याचे काम आहे. ठरीव आकड्याची नक्कल हा पोरखेळ आहे. आपल्या वाटेला येणारा चोर बहुधा दुसऱ्या प्रकारचा, तेव्हा घेताना बदलत्या आकड्याचाच रिमोट घ्यावा. खोक्यावर किंवा माहितीपत्रकात रोलिंग कोड हे शब्द लिहिलेले पाहावेत. दुकानदार कौतुकाने म्हणाला, "रिमोट हरवला तरी काळजी नको, कुठल्याही दुकानात दुसरा कॉपी करून मिळतो," तर ते यंत्र नमस्कार करून परत ठेवावे.

ओळख करून देणे

नवा रिमोट पेटीला शिकवावा लागतो. बसवायला आलेला माणूस पुष्कळदा हे काम दुकानातच करून येतो आणि आपण खूश होतो. तसे करू नये. पेटीला आधी कोणाकोणाची ओळख आहे हे बाहेरून दिसत नाही. दुकानात दाखवण्यासाठी वापरलेला रिमोट तिच्या स्मरणात असू शकतो, बसवणाऱ्याच्या खिशातला असू शकतो, किंवा पेटी दुसऱ्या गिऱ्हाइकाकडून परत आलेली असू शकते. यात कोणाच्या मनात पाप असेलच असे नाही, पण किल्ली ती किल्ली. म्हणून आपल्या समोर आधी सगळे रिमोट पुसून घ्यावेत आणि मग आपले एकेक शिकवावेत. रक्कम मोजून देण्याआधी हे करून घ्यावे, नंतर माणूस पुन्हा येत नाही.

काम सोपे आहे, घरातल्या कॉलेजात जाणाऱ्या मुलीने एकदा पाहिले तर तिला पुढे येते. आधी भोंग्याची तार सोडवावी, नाहीतर कान बसतात. पुसण्यासाठी बहुतेक पेट्यांत शिकवण्याचे म्हणजे लर्नचे बटण दिवा विझेपर्यंत दाबून धरतात. काही पेट्यांत आकडेपट्टीवरून हुकूम द्यावा लागतो. इथे एक विचारून घ्यावे : रिमोट पुसताना दाराचे चुंबक आणि डोळे यांचीही ओळख पुसली जाते काय? काही पेट्यांत जाते, आणि मग तेही पुन्हा शिकवावे लागतात. नंतर लर्नचे बटण थोडे दाबावे, दिवा लागतो. दिवा लागलेला असताना रिमोटचे कोणतेही एक बटण दाबावे. पेटी टिक करते, ओळख झाली. दुसऱ्या रिमोटसाठी पुन्हा तेच. एका वेळी एकच रिमोट जवळ ठेवावा, बाकीचे पोरांच्या हाती देऊ नयेत. सगळे झाले की प्रत्येक रिमोटची चारही बटणे दाबून पाहावीत, आणि दुकानदाराचा रिमोट दाबायला लावून तो चालत नाही हेही पाहावे. शेवटी भोंग्याची तार जोडावी.

पेटीचा स्वतःचा गुप्त आकडा बहुधा १२३४ असा काहीतरी सोपा ठेवून येतो. तोही त्याच बैठकीत बदलावा. किती रिमोट शिकवले ती संख्या आणि तारीख झाकणाच्या आतल्या बाजूस लिहून ठेवावी. गुप्त आकडा तिथे लिहू नये.

भिंत, पत्रा आणि वीतभर तार

खोक्यावर "पल्ला १०० मीटर" असे छापलेले असते. तो मोकळ्या मैदानातला. दगडी भिंत, सळयांचा स्लॅब, लोखंडी कपाट यातून लहर दमत जाते आणि पत्रा तर ती जवळजवळ अडवतोच. पत्र्याच्या खोलीत पेटी बसवली आणि रिमोट फाटकापासून चालत नाही म्हणून कंपनीला दोष दिला, यात अर्थ नाही. पेटी माजघरात, उंचावर, मीटरबोर्ड आणि इन्व्हर्टरपासून चार हात लांब असावी. इन्व्हर्टर आणि हलके एलईडी दिवे रेडिओच्या कानाशी गोंगाट करतात.

पेटीतून एक तार बाहेर लोंबत असते. ती शोभेची नव्हे आणि चुकून राहिलेलीही नव्हे. ४३३.९२ मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे ६९ सेंटीमीटर, तिचा चौथा भाग १७ सेंटीमीटरच्या थोडा वर, तेवढीच ही तार बहुधा कापलेली असते. वीतभराहून थोडी कमी. ती गुंडाळू नये, छाटू नये, लोखंडी पेटीत कोंबू नये. सरळ ठेवावी.

मग प्रत्यक्ष चालून पाहावे. एकाने पेटीपाशी उभे राहायचे, दुसऱ्याने अंगण, गोठा, फाटक, विहिरीची वाट अशा प्रत्येक जागेवरून दाबायचे. इन्व्हर्टर चालू असताना पुन्हा एकदा. रिमोट खिशातल्या खिशात दाबला किंवा घराकडे पाठ करून दाबला तर आपल्याच अंगाने लहर अडते, हेही तेव्हा दिसून येईल. जिथे दहापैकी दहा वेळा चालतो तीच आपली हद्द. दहापैकी सात वेळा चालणारी जागा रात्री धरू नये.

हरवला तर

किल्लीसकट रिमोट एकाच कडीत अडकवायची सवय फार वाईट. एसटी स्टँडवर किंवा आठवडी बाजारात कडी पडली की दार आणि पहारा दोन्ही एकदम गेले. त्यातून कडीला नाव-गावाची चकती असेल तर घराचा पत्ताही दिला. रिमोट वेगळा ठेवावा आणि त्यावर काहीही लिहू नये.

हरवल्याचे कळले त्याच संध्याकाळी सगळे रिमोट पुसून उरलेले पुन्हा शिकवावेत. स्वस्त पेट्यांत हरवलेला एकच काढता येत नाही, सगळेच पुसावे लागतात. पाव तासाचे काम आहे. "सापडेल घरातच कुठंतरी" म्हणून आठ दिवस काढू नयेत. पुढे सापडला तर पुन्हा शिकवता येतो, बिघडत काही नाही. गडी काम सोडून गेला, वाटेकरी बदलला, भावाभावांत वाटण्या झाल्या, तरीही हेच करावे. कोणावर संशय घेण्याचा प्रश्न नाही. कुलूप बदलताना आपण कोणाची माफी मागत नाही.

पोराने खेळता खेळता बाजारात पन्नास वेळा बटण दाबले तर बदलत्या आकड्याचा रिमोट घरी आल्यावर पहिल्या दाबेला कधी कधी चालत नाही. नंबर पेटीच्या अपेक्षेपुढे गेलेला असतो. की-लॉकमध्ये साधारण १६ नंबरांपर्यंतची तफावत पेटी तशीच खपवून घेते, त्यापुढे लागोपाठ दोनदा दाबले की जुळवून घेते. तेव्हा लगेच मेकॅनिकला फोन लावू नये, दोनदा दाबावे.

सेल

रिमोटमध्ये तीन व्होल्टचा सीआर २०३२ हा गोल चपटा सेल असतो, नाहीतर बोटाच्या पेराएवढा १२ व्होल्टचा. रिमोटचा दिवा मंद झाला, पूर्वी गोठ्यापासून चालणारा आता ओसरीपासूनच चालतो, अशी लक्षणे दिसली की सेल संपत आला. पूर्ण बंद पडायची वाट पाहू नये. पावसाळ्याच्या तोंडी दरवर्षी बदलून टाकावा, किंमत क्षुल्लक आहे. सेल काढल्याने पेटीची ओळख पुसत नाही.

एक गोष्ट मात्र क्षुल्लक नाही. हा चपटा सेल लहान मूल तोंडात घालते. तो अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत आतून भाजून जखम होऊ शकते. जुना सेल खिडकीच्या कट्ट्यावर टाकून ठेवू नये. मुलाने गिळल्याची नुसती शंका आली तरी घरगुती उपाय, उलटी करवणे वगैरे न करता थेट मोठ्या दवाखान्यात न्यावे आणि सेल गिळल्याचे सांगावे.

पेटीची बॅटरी निराळी. लाईट गेल्यावर पहारा तिच्यावर चालतो. बारा व्होल्ट सात अँपिअर-अवरची बॅटरी आणि पेटीचा खप एक दशांश अँपिअर धरला तर कागदावर ७० तास होतात. बॅटरी जुनी झाली की निम्मेही धरू नयेत.

भोंगा ऐकणार कोण

भोंग्यावर ११० डेसिबल लिहिलेले असते, ते एक मीटरवरचे. अंतर दुप्पट झाले की आवाज सहा डेसिबलने उतरतो. म्हणजे शंभर मीटरवर ७०, पाचशे मीटरवर साधारण ५६, बोलण्याच्या आवाजाहून कमीच. हा हिशेब मोकळ्या रानाचा. मधे पुरुषभर ऊस उभा असेल, वारा उलटा असेल, दारे धरणाऱ्याच्या शेजारी इंजिन चालू असेल, तर त्याला काही ऐकू येणार नाही. रिमोटचे घंटेचे बटण दाबून भोंगा वाजला तरी तेवढ्याने काम होत नाही.

म्हणून सिमकार्ड घालून फोन लावणारी पेटी घ्यावी. थोडी महाग पडते, पण वस्तीला तीच उपयोगी. ती टू-जीवर चालणारी असेल तर तिला जिओचे सिम चालत नाही, कारण त्या कंपनीची टू-जी सेवाच नाही. सिमची मुदत संपू देऊ नये. पुष्कळ पेट्या मुक्या होतात त्या बिघाडाने नव्हे, रिचार्ज विसरल्याने. फोन लावण्याच्या यादीत पहिला नंबर रानात गेलेल्याचा, दुसरा-तिसरा जवळच्या दोन वस्त्यांवरचा, चौथा गावातल्या भावाचा असावा. दारे धरताना फोन मोटारीच्या खोपीत ठेवण्याची रीत आहे, ती सोडून तो अंगावर ठेवावा. पोलिसांना ११२ वर माणसानेच फोन करावा, म्हणजे वस्तीची खूण सांगता येते. ज्या गावांत ग्राम सुरक्षा यंत्रणा चालू आहे तिथे त्या नंबरावरही कळवावे.

महिन्यातून एकदा घंटेच्या बटणाची चाचणी घ्यावी, दिवसा, आणि यादीतल्या सगळ्यांना आधी कळवून. बटण घरातल्या आजीला दाबायला लावावे. चुकून दाबले जाऊ नये म्हणून काही रिमोटवर ते तीन सेकंद धरून ठेवावे लागते. अंधारात, चष्म्याशिवाय, आखडलेल्या बोटांना हे जमते का ते तेव्हाच कळेल. जमत नसेल तर एकच मोठे बटण असलेला वेगळा रिमोट मिळतो. तो आपल्या पेटीला जुळणारा पाहून आणावा, शिकवून घ्यावा आणि तिच्या उशाशी भिंतीला, पडल्या जागेवरून हात पोहोचेल इतक्या उंचीवर टांगावा.